दुधाच्या टोपातले देव

चंद्रप्रकाश परबाच्या घरी त्या सोमवारी सकाळचा चहा झाला नाही, कारण दुधाच्या टोपात देव बसले होते.

गणपती, बाळकृष्ण, शंकराची पिंडी, कुलदेवतेचा टाक आणि अन्नपूर्णा. पाचही जण नाकातोंडावरून पाण्यात, वर झेंडूच्या पाकळ्या. टोप घरातला सगळ्यात मोठा. हातात दुधाची पिशवी घेऊन चंद्रप्रकाश ओट्यापाशी उभाच राहिला.

"आई, हे काय?"

"देव पाण्यात ठेवलंय," शेवंतीबाई म्हणाल्या. आवाज असा, की जणू तांदूळ भिजत घातले आहेत.

"कशासाठी?"

"ता सांगूचा नसता."

देव पाण्यात ठेवायचे म्हणजे त्यांना अडवूनच धरायचं. आमचं काम करा, तोवर बाहेर येणं नाही. शेवंतीबाईंचे यजमान हयातभर गिरणीत होते. मागणी मान्य होईस्तोवर उठायचं नाही ही पद्धत परबांच्या घरात जुनीच होती. फक्त आजवर ती मालकाविरुद्ध वापरली गेली होती, देवाविरुद्ध नाही.

चंद्रप्रकाशचा या सगळ्यावर विश्वास नव्हता. तो विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात होता आणि सव्वीस वर्षं समोरच्या माणसाला एकच प्रश्न विचारत आला होता: पुरावा काय? ही सवय ऑफिसातून सुटून घरीही येई. भाजीवाल्याने मेथी ताजी आहे म्हटलं तरी तो भुवया उंचावून बघायचा. देवाच्या बाबतीत तर फाइल कधीच पुरेशा कागदपत्रांअभावी बंद झाली होती.

पण आईने हे कशासाठी केलं असेल, याचा त्याने लगेच छडा लावला. लिफ्ट! मुलुंड पूर्वेच्या त्यांच्या सुखदा सोसायटीची लिफ्ट तीन आठवडे बंद होती, परब राहायचे चौथ्या मजल्यावर, आणि आईचे गुडघे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. लिफ्टमध्ये बिघाड किरकोळ होता. पण गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीची चावी हरवली होती आणि कुलूप फोडायला सेक्रेटरी कर्णिक तयार नव्हते. सोसायटीची मालमत्ता फोडायची तर सभेचा ठराव पाहिजे, आणि सभेला माणसं येत नव्हती, कारण लिफ्ट बंद होती.

"लिफ्टसाठी देव बुडवले," त्याने अनुपमाच्या कानात सांगितलं.

अनुपमा हसली, पण अर्धवटच. तिच्या डोक्यात दुसरंच होतं आणि त्याच्याही. शनिवारी तिच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला काढला होता. रिपोर्ट गुरुवारी मिळणार होता. हे घरात तिघांनाच ठाऊक होतं: ती, तो आणि कॉलेजात जाणारी निधी. आईला सांगितलं होतं की अनुपमाची दाढ दुखते आहे आणि तिला दाताच्या डॉक्टरकडे नेलंय. या वयात तिला कशाला घोर? दाढेची कथा चंद्रप्रकाशनेच रचली होती आणि तिच्यात काही भोक नाही अशी त्याची खात्री होती. रविवारी अनुपमा आईसमोर डब्यातल्या कडक चकल्या कडाकडा खात बसली, तेवढं सोडून.

सोमवार, मंगळवार कसेबसे गेले. दूध दोन छोट्या पातेल्यांत तापवलं, दोन्ही वेळा उतू गेलं. बुधवारी अनुपमा सकाळच्या शाळेत शिकवायला निघून गेली आणि आईने खुर्चीतूनच फर्मान काढलं.

"चंदू, माझो गुडघो धरलोहा. आज देवांचा पाणी तू बदल. आणि ता पाणी मोरयेत ओतू नको, झाडाक घाल."

मोरीत ओतलं असतं तर ही कथा इथेच संपली असती. पण चंद्रप्रकाश आज्ञाधारक. त्याने टोपात हात घालून देव एकेक करून ताटलीत काढले. काढले म्हणजे चाचपून काढले. चष्मा टेबलावर होता आणि पाणी हळदीकुंकवाने पिवळंलाल झालं होतं. खिडकीतल्या तुळशीला एवढं पाणी सोसवलं नसतं, म्हणून भरला टोप पोटाशी धरून तो चार मजले उतरला. वाटेत दुसऱ्या मजल्यावर त्याची पँट भिजली. बागेतल्या जास्वंदीच्या मुळाशी त्याने टोप रिकामा केला आणि स्वतःवर खूश होऊन चार मजले चढून आला.

चष्मा लावून त्याने ताटली पाहिली. गणपती, बाळकृष्ण, पिंडी, टाक.

चार.

त्याने पुन्हा मोजले. चारच. सोमवारी त्याने स्वतः पाच पाहिले होते. अन्नपूर्णा नव्हती.

आता ही अन्नपूर्णा साधी नव्हे. लग्नात मुलगी माहेराहून अन्नपूर्णा आणते, तशी अनुपमाने आणलेली. तिच्या आईने तिच्या हातात दिलेली, आणि ती आई जाऊन आता सहा वर्षं झाली होती. बोटाच्या पेराएवढी पितळी मूर्ती, हातातली पळी घासून घासून बोथट झालेली. दरवर्षी दिवाळीत अनुपमा तिला स्वतः चिंचेने घासायची, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. उद्या रिपोर्ट, आणि आज माहेरची देवी नाहीशी, तीही नवऱ्याच्या हातून. हे कळलं तर ती रिपोर्टचं पाकीट उघडायच्या आधीच हाय खाईल. अपशकुनावर विश्वास नसलेल्या चंद्रप्रकाशने ताटलीखाली, ओट्याखालीही पाहिलं. गुरुवारच्या आत देवी मिळालीच पाहिजे, एवढंच त्याला कळत होतं.

त्याने चार देव नव्या पाण्यात सोडले, वर फुलं जरा जास्तच पसरली, ऑफिसला अर्ध्या दिवसाची रजा कळवली आणि भाताचा झारा घेऊन तो खाली गेला.

जास्वंदीपाशी गुडघे टेकून त्याने पाच मिनिटं उकरलं असेल नसेल, मागून आवाज आला. "परब, खोदकाम?"

कर्णिकसाहेब. माणिक कर्णिक मंत्रालयातून निवृत्त झाले होते, पण मंत्रालय त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं.

"काही नाही साहेब, जरा वस्तू पडली."

"कोणती?"

खरं सांगावं तर मिसेस कर्णिक आणि अनुपमा संध्याकाळी एकत्र चालायला जात. "चावी," चंद्रप्रकाश म्हणाला.

"तरी खोदायच्या आधी अर्ज लागतो. सामाईक माती आहे." कर्णिकांनी वर जाऊन छापील अर्ज आणला. वर म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, जिन्याने, केवळ तत्त्वासाठी. चंद्रप्रकाशने चिखलाच्या बोटांनी तो भरला. कारण या रकान्यात 'वैयक्तिक' लिहिलं. कर्णिकांनी चष्म्यावरून पाहिलं. "वैयक्तिक कारणासाठी सामाईक माती?" मग खोडून 'अत्यावश्यक' लिहायला लावलं आणि खोडलं तिथे सही घेतली. सव्वीस वर्षं लोकांचे अर्ज परत करणाऱ्या माणसाला आपला अर्ज परत येताना कसं वाटतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. बरं वाटत नाही.

एव्हाना तळमजल्यावरचे धवलभाई शाह बाहेर आले होते. "अरे परबभाई, चावी हाताने शोधतात काय? थांबा ना, मॅग्नेट आहे आपल्याकडे!"

आता पितळेला लोहचुंबक लागत नाही हे चंद्रप्रकाशला माहीत होतं. पण चावी म्हटल्यावर तो काय बोलणार? धवलभाईंनी दोरीला बांधलेलं भलंमोठं चुंबक आणून मातीवरून फिरवायला सुरुवात केली. पहिल्या फेरीत दोन खिळे आले. दुसऱ्या फेरीत केसांची पिन. तिसऱ्या फेरीत खट्‌कन आवाज झाला आणि चुंबकाला लटकत वर आली एक चावी.

"ही घ्या तुमची चावी!" धवलभाई विजयी मुद्रेने म्हणाले. "बोला, झकास काम झालं की नाही?"

"माझी... हो. नाही. म्हणजे..."

कर्णिकांनी चावी हातात घेतली, पुसली आणि त्यांचा चेहरा पालटला. "परब, ही तुमची कशी? ही लिफ्टच्या खोलीची आहे! माझ्याच खिशातून पडली असणार. तीन आठवडे शोधतोय." मग त्यांनी चंद्रप्रकाशचा चिखलाने भरलेला हात हातात घेतला. "आणि तुम्ही इथे गुपचूप, कोणाला न सांगता, सोसायटीसाठी..." त्यांनी अर्जावर 'काम पूर्ण, प्रकरण बंद' असा शेरा मारला आणि मेकॅनिकला फोन लावला.

चंद्रप्रकाशची मात्र वाट लागली. एक तर प्रकरण बंद झाल्यामुळे आता उकरायला कारण उरलं नव्हतं. दुसरं, लिफ्ट दुपारपर्यंत सुरू होणार होती. लिफ्ट सुरू झाली की आईची मागणी मान्य. मागणी मान्य झाली की देव बाहेर. आणि बाहेर आले की चार!

तेवढ्यात झाडलोट करणाऱ्या बाईंनी भर घातली. फरशीवर सांडलेली फुलं आणि माती त्यांनी सकाळीच भरून ओल्या कचऱ्यात टाकली होती आणि कचऱ्याची गाडी नुकतीच गेली होती.

"कुठे गेली?"

"कुठे म्हणजे? भांडुपवरून कांजूरला, डम्पिंगला."

देवी कांजूरच्या डोंगरावर! चंद्रप्रकाश तसाच, हातात झारा घेऊन, रिक्षात बसला. "त्या कचऱ्याच्या गाडीच्या मागे घे," तो म्हणाला. रिक्षावाल्याने आरशातून एकदा झाऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता मीटर टाकलं.

भांडुपच्या सिग्नलला गाडी गाठली. मागच्या फळीवर उभ्या असलेल्या कामगाराला त्याने खालूनच हाक मारली. "ओ दादा! सुखदा सोसायटीचा कचरा! त्यात आमची देवी आहे!"

हे वाक्य आपल्या तोंडून भर रस्त्यात बाहेर पडलं, यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना. शेजारच्या स्कूटरवरची बाई वळून बघू लागली. कामगाराने मात्र थट्टा केली नाही. त्याने तोंडावरचा रुमाल खाली ओढला.

"साहेब, आता वीस सोसायट्यांचा माल झालाय आत. काय काढणार?" मग चंद्रप्रकाशचा चेहरा बघून म्हणाला, "एक सांगू? सात वर्षं हे काम करतोय. घरच्या बाईची देवी अशी कचऱ्यात जात नाही. घरातच बघा नीट."

सिग्नल सुटला. चंद्रप्रकाश झाऱ्यासकट रस्त्याच्या कडेला उभा राहिला. पुरावा काय, हा प्रश्न ओठांवर आला होता, पण विचारायला गाडी नव्हती.

त्याने निधीला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"पप्पा, यार! एवढं काय टेन्शन घेता? नवीन आणा ना सेम. आजीला कुठे बारीक दिसतं?"

देवीची नक्कल आणायची? हा सरळसरळ खोटा दावा होता. असे दावे त्याने आयुष्यभर पकडले होते. पण सव्वा बारा वाजले होते. मुलुंड स्टेशनजवळच्या पूजेच्या दुकानात त्याने बोटाच्या पेराएवढी अन्नपूर्णा मागितली. दुकानदाराने सात मूर्ती मांडल्या. सगळ्यांच्या पळ्या लखलखीत, सरळ. "बोथट पळीची नाही का?" त्याने विचारलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, ती वापरून होते."

घरी आला तेव्हा लिफ्ट सुरू झाली होती. खाली फळ्यावर कर्णिकांनी त्याचं नाव घालून आभार लिहिले होते. आई आत वाटण करत होती. त्याने खिशातली नवी देवी हळूच टोपात सोडली, ओंजळभर फुलं टाकली, मग शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाला, "आई, लिफ्ट चालू झाली हं. काढ आता देव."

शेवंतीबाई पदराला हात पुसत आल्या. टोपात वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांनी हात जोडले.

"अजून नाय," त्या म्हणाल्या.

चंद्रप्रकाश खुर्चीत बसला. लिफ्टसाठी नव्हे, तर मग कशासाठी? उत्तर त्याला समोर दिसत होतं आणि त्याकडे बघायची हिंमत होत नव्हती.

गुरुवारी दुपारी हॉस्पिटलच्या रिपोर्ट खिडकीपुढे ते दोघं रांगेत उभे होते. अनुपमाचा हात त्याच्या हातात होता. चंद्रप्रकाशने आयुष्यात पहिल्यांदा, मनातल्या मनात, अर्ज केला. माझ्याकडे पुरावा नाही. काल मी खोटा दावाही केला आहे, तो माझा, हिचा नाही. हिच्या प्रकरणाचा स्वतंत्र विचार व्हावा, ही विनंती.

"पावती?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं. गळ्यातल्या ओळखपत्रावर मृणालिनी असं नाव होतं आणि चेहऱ्यावर दुपारचे तीन वाजले होते.

अनुपमाने पर्स उघडली. चष्म्याचं घर, खडू, डबा, छत्री. पावती नाही.

"मॅडम, नाव सांगतो, नंबर सांगतो, आधार कार्ड दाखवतो," चंद्रप्रकाश घाईघाईने म्हणाला.

"पावतीशिवाय नाही देता येत, सर. पुरावा लागतो."

मागची रांग चुळबुळू लागली. "आतल्या कप्प्यात बघते," अनुपमा म्हणाली. तिने आतल्या कप्प्याची चेन ओढली आणि पर्स खिडकीवर उलटी केली. घडी घातलेली पावती पडली. तिच्यामागून शेवंतीबाईंच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीचं एक बोचकं पडलं, घरंगळलं आणि सुटलं.

अन्नपूर्णा. बोथट पळीची.

चंद्रप्रकाशच्या तोंडून असा आवाज निघाला की बाकावरचा वॉर्डबॉय उठून उभा राहिला.

"ही इथे कशी?" अनुपमाला काहीच कळेना. मृणालिनीबाईंनी मूर्तीकडे पाहिलं, एकदा अनुपमाकडे पाहिलं. "माझीपण अशीच आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माझ्या आईची." पावती न उघडताच त्यांनी पाकीट पुढे सरकवलं.

पाकीट चंद्रप्रकाशने फोडलं. दीड पान इंग्रजी होतं आणि अक्षरं हलत होती. शेवटच्या ओळीत कर्करोगाचं नाव होतं आणि त्याच्या आधी 'नाही' होतं. त्याने ते नाही तीनदा वाचलं. आत डॉक्टरांनीही तेच सांगितलं: साधी गाठ आहे, सहा महिन्यांनी दाखवा, घरी जा. अनुपमा बाहेरच्या बाकावर बसून रडली. तोही रडला, आणि सव्वीस वर्षांच्या नोकरीत जपलेला रुबाब त्या बाकावर बिनदिक्कत वाहून गेला. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही.

घरी शेवंतीबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी दोघांचे चेहरे वाचले. मग अनुपमाच्या गालावरून हात फिरवला आणि देवघरासमोर येऊन बसल्या.

"चंदू, टोप हंय घेवन ये. काढूया त्यांका."

"आई, म्हणजे तुला माहीत होतं?"

"दाढ दुखता ती बाय चकली खाता काय रे? मी काय येडी आसंय?"

निधी फस्सकन हसली. अनुपमाने हातातली अन्नपूर्णा पुढे धरली. "आणि ही माझ्या पर्समध्ये?"

"सोमवारी सांजचीच घातलंय. तुझी आवस नाय आता. तो कागद आणूक जातलंस, तेव्हा तिच्यातला कोणतरी सोबत होया होता."

सासूच्या मांडीवर डोकं ठेवून अनुपमा तिथेच आडवी झाली.

शेवंतीबाईंनी टोपात हात घातला. एक, दोन, तीन, चार, आणि पाचवी नवी कोरी अन्नपूर्णा. पाण्यात एक कागदी चिकटी सुटून तरंगत होती. ती त्यांनी बोटावर घेऊन निधीपुढे धरली. "वाच गो."

"पूजा साहित्य भांडार, मुलुंड पूर्व," निधीने वाचलं.

"काल मी म्हटलंय, देवी आपणहून परत इली. मगे ह्या दिसला. देवी इली खरी, पण दुकानातसून इली."

आता चंद्रप्रकाशला सगळा हिशोब लागला, आणि तो भडकला. "म्हणजे काल मी जास्वंदीखाली उकरत होतो, तेव्हा तुला ठाऊक होतं ती तिथे नाही म्हणून?"

"खिडकेतसून बघी होतंय मा."

"मग हाक का नाही मारलीस?"

"मारतलंय होतंय," शेवंतीबाई शांतपणे म्हणाल्या. "पण त्रेपन्न वर्षांत तू पयलेच खेपेक देवासाठी गुडघ्यार बसलंस. म्हटला, बसांदे जरा."

आईने दिलेल्या फडक्याने चंद्रप्रकाश मुकाट्याने देव पुसू लागला. गणपती, पिंडी, टाक, बाळकृष्ण. पुसता पुसता त्याने दोन दिवस पोटात असलेलं विचारलं. "आई, रिपोर्ट उलटा आला असता तर?"

"तर आजून रवले असते पाण्यात. घरातली सगळी माणसा काळजेन भिजलेली, आणि देव एकटे सुके? ह्या काय बरा दिसता?"

नवी अन्नपूर्णा निधीसाठी वेगळी ठेवली. जुनी देवघरात आपल्या जागी बसली. चंद्रप्रकाशने टोप घासला आणि चार दिवसांनी त्यात पहिल्यांदा दूध तापायला ठेवलं.

शेवंतीबाई गुडघ्यावर हात देत उठल्या, फळीवरचा चकलीचा डबा काढला आणि सुनेच्या हातात दिला.

"घे गो," त्या म्हणाल्या. "आता राजरोस खा."